पोरं आलीच नाहीत

हे मी बायकोला सांगितलं नाही, म्हणजे कुणालाच सांगितलं नाही असं समजा. आता ती नाही. घरात मी एकटाच असतो. संध्याकाळी गुरं बांधून झाली की बोलायला कुणी नसतं — म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही. तोच तर माझा सगळा रोग.

आमचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. चार माणसांत आमच्या घराला मान आहे, आणि तो कशामुळे हे मी लहानपणापासून ऐकत आलो — आमच्या घरात पाट लागत नाही. विधवा बाईचं पुन्हा लग्न म्हणजे पाट. खोऱ्यातली पुष्कळ घरं तो लावतात. आम्ही लावत नाही, आणि एवढ्यावरच स्वतःला त्यांच्यापेक्षा वरचे समजतो. दुसरं काय होतं आमच्याजवळ? डोंगरउताराची वरकस जमीन, दोन बैल, आणि हे.

माझी थोरली लेक सखू. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तोच विधवा होऊन घरी आली. पुढे तिला मुंबईला मामाच्या बिऱ्हाडी धाडली, चाकरमान्यांचं जेवण रांधायला. तिथे तिने गिरणीतल्या एका चांगल्या माणसाशी पाट लावला. चांगला हे मी आज म्हणतो. तेव्हा भावकी आमच्या ओटीवर बसली आणि सखू मेली असं धरायचं ठरलं. ठरवणाऱ्यांत मीही बसलो होतो. सगळ्यांना पान मीच दिलं.

ते उघड केलं, साऱ्या गावासमोर. त्याची कबुली काय द्यायची? लपवलं ते पुढचं.

सखूला दोन मुलं झाल्याचं कानावर आलं होतं. त्यावर आम्ही नवराबायको कधी बोललो नाही. पण मला कळू न देता हिने कुणाकडून तरी लेकीला निरोप धाडला, आणि तिकडून उलट निरोप आला — माघात जावयाचा भाऊ पोरांना दासगावच्या बंदरावर आणून सोडील, महिनाभर आजोळी राहू देत. तो भाऊ बाणकोटहून येणाऱ्या लाँचवर खलाशी होता. आदल्या रात्री हिने मला हे सांगितलं. चुलीकडे तोंड करून सांगितलं.

"तुमी जाऊन घिऊन या. भावकी काय बोलायचं ते मला बोलंल. मला एकदा पोरं बगू द्या."

मी बरं म्हणालो. तिने एक कोंबडी डालग्याखाली डालून ठेवली आणि शेजारणीला सांगितलं की पाव्हणे यायचे हायत. कुठले, ते सांगितलं नाही.

आता एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. तेव्हा माझ्या धाकट्या लेकीची, पारूची, सोयरीक चालली होती. खोऱ्यातलं मोठं घर — भाताची जमीन, स्वतःची विहीर. तेही पाट न लावणारे. अजून सुपारी फुटली नव्हती. सखूची पोरं माझ्या अंगणात खेळताना दिसली असती तर ती फुटली असती का? नसती, असं मला वाटत होतं. खरं तर मी कुणाला विचारलंच नव्हतं. हे कारण म्हणून सांगत नाही. पुढचं नीट समजावं, एवढ्यासाठीच सांगतो.

दासगावला भरतीबरोबर लाँच लागली. खलाशाने दोघांना खांद्यावरून उतरवलं. चंद्रा सातेक वर्षांची, तेल चोपडलेली वेणी, हातात गाठोडं. बाळू तिच्याहून लहान, अंगात बापाच्या सदऱ्याचा कापून शिवलेला सदरा. तो माझ्याकडे वर मान करून बघत राहिला.

"तूच आमचा आजा काय रे?"

"अहो म्हन," बहिणीने दटावलं.

"तुमीच आमचा आजा काय रे?"

मी हसलो. खूप दिवसांनी हसलो असेन. त्याला कडेवर घेतला, तर त्याने सरळ माझी मिशी धरून पाहिली, खरी आहे का म्हणून.

महाडला आलो तेव्हा दुपार चढत होती. पोलादपूरची मोटार मिळाली असती. पण बाजाराशेजारच्या मोकळ्या जागेत नाटक कंपनीचा तंबू पडला होता, आणि एक माणूस ढोलकं बडवत ओरडत होता की आज बायकापोरांसाठी दुपारचा खेळ आहे. बाळू थांबला. चंद्रा थांबली नाही, पण तिची मान तिकडेच राहिली. मी म्हणालो, आज नाटक बघू, खाणावळीत जेवू, उद्या वर जाऊ. दोघांना खरंच वाटेना. सखूच्या पोरांना असं कुणी कधी काही दाखवलं असेल?

नाटक कसलं होतं ते आज नीट सांगता येणार नाही. कोण्या राजाची मुलगी होती, तिला कुणी पळवलं होतं, आणि पळवणारासुद्धा गात होता. पायपेटी वाजायला लागली की बाळू माझ्या मांडीवर पाय आपटायचा. राजकन्या पुढे येऊन तान घेऊ लागली, तेव्हा चंद्रा माझ्या कानाला लागली.

"आज्या, ही बाई दाढी करते. हिरवी हनवटी बगा."

"गप. तो पुरुष हाय, बाईचं सोंग घेतलंय."

"मग राजाला ठाऊक नाय?"

पुढच्या रांगेतल्या बायका वळून हसल्या. एकीने विचारलं, "नात काय हो?" मी हो म्हणालो. हो म्हणालो — हे मला मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं. त्या अनोळखी बायकांसमोर, त्या तंबूत, बाळूचं डोकं माझ्या छातीला लागलेलं असताना मी त्यांचा आजा होतो. मला दुसरं काही आठवतच नव्हतं. असलं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

खेळ सुटला तेव्हा उन्हं कलली होती. कोर्टाच्या कामाला येणारी आमच्याकडची माणसं जिथे जेवत, त्या खाणावळीत गेलो. आमच्या जातीची खाणावळ. भिंतीला टेकून पाट मांडलेले. मालकाने बोयीचं कालवण आणि भात वाढला. पोरांना मध्ये घेऊन मी बसलो आणि बाळूसाठी काटे काढायला लागलो.

"काय व्याही! आज म्हाडात?"

दारात पारूच्या होणाऱ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ उभे होते — तात्या. सुपारी फुटायच्या आधीपासून ते मला व्याही म्हणत. मोकळा माणूस, आवाज मोठा. माझ्या समोरचा पाट ओढून बसले.

"आन ही कोनाची पोरं?"

महाडात, पोलादपुरात, कुठेही दोन माणसं भेटली की हा प्रश्न असतोच. त्यात वाकडं काही नसतं. त्यांनी सहज विचारलं. आणि मीही तितक्याच सहज — हेच मला सोसत नाही, की जीभ जराही अडखळली नाही — म्हणालो, "बोटीवरच्या खलाशाची. मुंबईची हायत. उद्या दासगावला पोचवायची."

तात्या हसले. "खलाशाच्या पोरांना मासळी चारताय? मोठे शेट झालात!" मग चंद्राकडे वळले. "काय गो, हे कोन तुझे?"

चंद्राने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ? घास गिळायला लागतो तितका.

"हे शेट हायत," ती म्हणाली. "आमाला पोचवायला आलेत."

"बोलायला वस्ताद हाय पोर," तात्या म्हणाले.

सात वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवलं? कुणीच शिकवलं नसेल. आपल्याला नाव ठेवणारी माणसं कुठेतरी आहेत, हे मुलांना न सांगता कळतं. तिने मला वाचवलं. मी वाचवून घेतलं.

पण एवढ्यावर भागणार नव्हतं. खलाशाची पोरं म्हटल्यावर ती कुठल्या जातीची, हे विचारायची गरज कुणाला पडली नाही. त्यांनी आमच्या पंक्तीला बसायचं नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. मालकाकडे तात्यांनी नुसतं पाहिलं. तो आला, माझ्याकडे जरा ओशाळून बघत त्याने दोघांची ताटं उचलली आणि बाहेर पडवीत नेऊन ठेवली. गड्यांना वाढतात तिथे. चंद्रा उठली. बाळूला कळेना. तो उंबऱ्यात वळला.

"आज्या, तू नाय ये—"

पुढचं चंद्राने त्याच्या तोंडावर हात ठेवून दाबलं. तात्यांच्या ध्यानात आलं नाही. ते हुंड्याबद्दल बोलत होते.

आणि मी जेवलो. उठून बाहेर गेलो असेन असं तुम्हाला वाटत असेल, निदान घास अडकला असेल — नाही. पोटभर जेवलो. तात्यांनी आग्रह केला तेव्हा भात पुन्हा घेतला. हात धुवायला पडवीतून गेलो, तर चंद्रा खाली वाकून भावासाठी काटे काढत होती. तिने मान वर केली नाही. मीही थांबलो नाही.

इथवर सांगून मोकळं होता आलं असतं. तात्या भेटले, भीती वाटली, दुसऱ्या दिवशी पोरांना वर न नेता परत बंदरावर नेलं — असं मी स्वतःलाच कितीतरी दिवस सांगितलं. पण ते खरं नाही. तात्या भेटले नसते तरी मी त्यांना वर नेणार नव्हतो. दासगावला पोरं उतरली तेव्हा बाळूला कडेवर घेण्याआधी, त्याचं नाव विचारण्याआधी मी खलाशाला विचारलं होतं — लाँच परत कधी सुटते? तो म्हणाला, उद्याच्या भरतीला. मी म्हणालो, मग पोरांना परत न्यायला थांबा. नाटक, मासळी, माझी मांडी — ते सगळं परत पाठवायचं ठरल्यावरचं होतं. दाराबाहेरच्या माणसाला चांगलं वाढून वाटेला लावतात, तसं.

रात्र धर्मशाळेत काढून सकाळी दासगावला गेलो. बंदरावर ओळखीचं कुणी नव्हतं. मी चंद्राला म्हणालो, "आता आज्या म्हन." ती म्हणाली, "बरं." पण म्हणाली नाही. लाँच सुटताना बाळू हात हलवत होता, कारण त्याला नाटक आवडलं होतं. ती गाठोडं घट्ट धरून उभी होती. "येतो, शेट," एवढं म्हणाली. चिडून नाही. मला तसंच हवं आहे, असं समजून. माणूस नको तिथे थुंकायचं टाळतो, तसं खलाशाने तोंड फिरवलं.

घरी पोचलो. ही ओटीवर उभी होती. माझ्या मागे वाटेकडे बघत होती.

"पोरं?"

"आलीच नाहीत."

"लाँच आली?"

"आली. पोरं नव्हती."

जरा वेळाने परसात जाऊन तिने डालगं उचललं आणि कोंबडी मोकळी सोडली. सखूकडे पुन्हा निरोप धाडला नाही. तिकडूनही आला नाही. तिकडे पोरांनी आईला काय सांगितलं असेल? आज्याने नाटक दाखवलं, हेच सांगितलं असेल. आणि ते ऐकून सखूला काय ते कळलं असेल.

पारूचं लग्न त्याच घरात झालं. चांगलं झालं. वर्षातून एकदा येते.

पुढे हिला ताप धरला आणि तो उतरेना. महाडहून डॉक्टर आणवला, त्यानेही मान हलवली. एका दुपारी मी पाणी पाजत होतो. दुसरं कुणी घरात नव्हतं. आढ्याकडे बघत ती म्हणाली,

"सखूची पोरगी कोनावर गेली असंल हो?"

मी भांडं खाली ठेवलं. आता सांगता येईल, असं वाटलं. कुणाची भीती होती तेव्हा? पारू सासरी नांदत होती. भावकीतले निम्मे मेले होते. समोर एक मरणारी बाई, आणि ती काही मागत नव्हती. एका पोरीचं तोंड कसं आहे, तेवढं विचारत होती.

"मला काय ठाऊक," मी म्हणालो.

"हां," ती म्हणाली. "तुमाला तरी कुठनं ठाऊक असनार."

चंद्रा तिच्यावरच गेली आहे. तोच रुंद कपाळपट्टा, तेच जवळजवळ आलेले डोळे, आणि बोलायचं नसलं की खालचा ओठ दाताखाली धरायची तीच रीत. दासगावला ती खलाशाच्या खांद्यावरून उतरली, तेव्हाच मी ते पाहिलं होतं.