आईनं सोडलेली घरची सुई

अ‍ॅक्युपंक्चरनं आईचा गुडघा खरंच बरा होतोय का? मला सांगता येणार नाही. त्यासाठी कळंबच्या दवाखान्यात जायला लागल्यापासून ती न कण्हता उठते, एवढंच दिसतं.

आज दुपारी फ्रिजमध्ये तिचं इन्सुलिन तसंच पडलेलं दिसलं.

"आई, इंजेक्शन घेत न्हाईस व्हय?"

"तिथं एवढ्या सुया टोचत्यात की गं. परत घरची कशाला?"

नेहमीची औषधं बंद करू नका, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. साखर तपासली. खूप वाढलेला आकडा पाहून रडू आलं नाही, रागही नाही. मी नुसती बधिर बसले.

नेहमीची औषधं चालू आहेत ना, असं तुमच्या घरीही एकदा विचारून बघाल का?

गुडघ्याचे उपचार थांबवले नाहीत. पण साखरेच्या डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी सांगितलं तेवढं इन्सुलिन आईला मीच टोचलं.