नापासबाईंचा गेज

त्या बाईंना कारखान्यात सगळे पाठीमागे 'नापासबाई' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि वर आवडायचंही, बरं का! कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, चार लेथ आणि मोजकी माणसं. लेथवर पितळी बूश, म्हणजे यंत्राचा दांडा बसवायची आखूड नळी, तयार झाला की तो बाईंच्या टेबलावर यायचा. बाईंच्या हातात भोकाचं माप तपासायचा पोलादी गेज. त्याचं एक टोक बुशाच्या भोकात शिरलंच पाहिजे, दुसरं शिरता कामा नये. जमलं तर हिरवी पेटी, नाही तर लाल. तिथे कुणाचा वशिला चालत नसे.

सख्ख्या भावाचा तर मुळीच नाही. धाकटा भाऊ तिथेच टर्नर होता. त्याला चिकटवला बाईंनीच, त्यामुळे कुणी नाव ठेवायला नको म्हणून त्याचा माल त्या दोनदा तपासत. "इथे मला बाई म्हणायचं, सगळे म्हणतात तसं," असं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण ऐकेल तर तो भाऊ कसला! यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवून तो "ताईऽऽ" अशी हाक मारायचा आणि अख्खी शेड हसायची.

आज सकाळी त्याच भावाला मालकांनी घरचा रस्ता दाखवला. गिऱ्हाइकाकडून माल परत आला होता. भोकं लहान, दांडा आत जाईना. बूश भावाच्या लेथवरचे. मालकांनी सरळ दोन आणि दोन चार केले. बाईंच्या हातून असला माल सुटणं शक्य नाही, म्हणजे यानेच न तपासलेले बूश गुपचूप हिरव्या पेटीत ढकलले.

"चूक असती तर पोटात घातली असती," मालक म्हणाले. "ही लबाडी आहे. उद्यापासून येऊ नकोस."

भाऊ बाईंकडे बघत राहिला. बाईंनी मान खाली घातली.

मग काय, त्यांना चैन पडेना. बसल्या की उठावंसं वाटे. नळावर गेल्या आणि पाणी न पिताच परत आल्या. पलीकडे भाऊ एकेक हत्यार पुसून पिशवीत भरत होता. तिकडे बघवेना आणि न बघता राहवेना. पहिल्यापासूनचा घायकुता, केलंही असेल मेल्याने! लगेच दुसरं मन म्हणे, घायकुता असेल, लबाड नाही.

शेवटी त्यांनी परत आलेली पेटी ओढली आणि गेज उचलला. पहिल्या बुशात गेज सुळकन आत. दुसऱ्यातही. तिसऱ्यातही. सगळे पास! म्हणजे भावाने काही ढकललं नव्हतं. बाईंना हायसं वाटलं, पण घटकाभरच. हे पास, तर मग दांडा का जाईना?

आणि त्यांना आठवलं. मागे एकदा भाऊ म्हणाला होता, "ताई, तुझा गेज फारच अलगद जातो गं." त्यावर त्या फणकारल्या होत्या, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

कपाटात तेलकट कागदात गुंडाळलेला नवा गेज होता. जुना झिजला की काय, हे ताडून बघायला आणलेला. पण वापरला तर झिजेल म्हणून त्याला कुणी हात लावायचा नाही, असा बाईंचाच दंडक. किल्लीही त्यांच्याचकडे. घ्या, आहे की नाही शहाणपणा!

त्यांनी कपाट उघडलं. नवा गेज बुशाच्या तोंडाशीच अडला. दुसऱ्या बुशातही जाईना. हजारो बुशांतून आत-बाहेर करून जुना गेज केसभर बारीक झाला होता, आणि लहान भोकांना खुशाल पास करत होता. बाई पास म्हणतात म्हणून भावानेही आपलं सेटिंग बदललं नव्हतं.

नवा गेज पुन्हा गुंडाळून ठेवला असता तर कुणाच्या बापाला कळलं असतं? मनात आलं तसं, खोटं कशाला बोला. इतक्या वर्षांचा दरारा होता तो. पण पलीकडे पिशवीचा बंद आवळल्याचं दिसलं आणि बाई दोन्ही गेज घेऊन मालकांच्या खोलीत शिरल्या.

"तो माल मीच पास केला. एकूण एक बूश. माझाच गेज झिजलाय, त्याचा काही दोष नाही."

"अहो बाई, तुम्ही?" मालकांनी दोन्ही गेज हातात घेऊन पाहिले. त्यांनी भावाला बोलावून घेतलं. "राहा रे बाबा. माझंच चुकलं," म्हणाले.

बाहेर आल्यावर भावाने एवढंच विचारलं, "तुलाही वाटलं ना, मीच ढकलले म्हणून?"

नाही म्हणायला काय जात होतं? पण जे नाही ते पास करायची बाईंना सवय नव्हती.

"वाटलं," त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते.

भावाने मान हलवली. पिशवी सोडून हत्यारं जागच्या जागी लावली, सेटिंग बदललं, लेथ सुरू केला. पहिला बूश उतरला तेव्हा त्याने हाक मारली नाही. स्वतः चालत आला आणि बूश टेबलावर ठेवला.

"बघून घ्या, बाई," तो म्हणाला.