पिठाच्या डब्यातली चावी

रंगूबाई माझी धाकटी जाऊ. आमचं गाव कोरेगावजवळ. जत्रेला आमच्याकडं मटणाचं जेवण असतं, आणि पाव्हणा निघायला लागला की त्याची पिशवी नाहीतर चप्पल लपवायची जुनी रीत आहे. त्यानं शोधायची, आपण हसायचं, तेवढ्यात त्याचा मुक्काम ठरतो. रंगू मात्र चप्पल लपवत नाही. ती गाडीची चावी लपवते, ज्वारीच्या पिठाच्या डब्यात. पिणाऱ्याला ती नावं ठेवत नाही. "घोटभर घ्या, जेवा, आन् हितंच आडवं व्हा," म्हणते. पण वास आला की चावी पिठात.

हे सुरू झालं तिच्या भावापासून. लालासाहेब एका जत्रेला हिच्याच घरनं पिऊन मोटरसायकलवर निघाला. हिनंच वाटेत खायला डबा बांधून दिला, दारात उभं राहून "सावकाश जा" म्हणाली. वेशीबाहेर सायकलवरनं दूध घालायला निघालेला माणूस त्यानं उडवला. दूधवाला गेला, लालासाहेब वाचला. कोर्टानं शिक्षा दिली, ती भोगून आला. आता एसटीनं येतो आणि कोपऱ्यात बसून मुकाट जेवतो. त्या दूधवाल्याच्या बायकोकडं रंगू दर जत्रेला ताट घेऊन जाते. ती कधी घेते, कधी घेत नाही.

गेल्या जत्रेला रंगूची लेक क्रांती पोरीला घेऊन आली, आणि बरोबर जावई, राजवर्धन. विट्याकडचा. लांब परमुलखात त्याचं सोनं गाळायचं दुकान आहे. मोठी गाडी, पांढराशुभ्र सदरा. दुपारी दोस्तांबरोबर बसला आणि चांगलीच चढवली. ऊन कललं तसा उठला.

"क्रांती, पोरीला घे. निघू."

खिसे चाचपले. चावी नाही. ती चावी तरी कसली, एक काळं बटण. रंगूला आधी टीव्हीचा रिमोटच वाटला होता.

"मामी, चावी कुठाय?"

"सकाळी देते, पाव्हणं."

"मला काय झालंय? सरळ उभा हाय की."

"उभं हाईसा. पर भिंतीला धरून."

दोस्त खुसखुसले. राजवर्धन चिडला. "पोलिसांचं भ्या वाटतंय व्हय तुमाला? वेलदोडा चघळला की त्यांच्या फुंकणीला वास लागत न्हाई." पोलीस रस्त्यात तोंडाला लावून फुंकायला लावतात, त्या मशीनला आमच्याकडं फुंकणीच म्हणतात.

कोपऱ्यातनं लालासाहेब बोलला, "लागतो. मी बडीशेप खाल्ली हुती."

जावई लालबुंद. "चावी द्या, न्हाईतर ह्या दारात परत पाय ठेवणार न्हाई. आन् क्रांतीबी येणार न्हाई!"

रंगूची एकुलती एक लेक, वर्षातनं एकदा माहेरी येणारी. त्यात जावयाला नाही म्हणायचं आमच्यात कुणाचं धाडस होत नाही. रंगूचा चेहरा पार उतरला. तिनं नातीकडं बघितलं. मग चुलीपाशी गेली, लोखंडी फुंकणी उचलली आणि त्याच्यापुढं धरली.

"ही आपली फुंकणी. चूल पेटवून दावा, आन् चावी घिऊन जावा."

"एवढंच?" तो ऐटीत उकिडवा बसला. एक डोळा मिटून नेम धरला, फुंकणी निखाऱ्याऐवजी राखेत खुपसली आणि अशी फुंकर मारली की सगळी राख त्याच्याच तोंडावर. मिशा पांढऱ्या, भुवया पांढऱ्या.

पोरगी ओरडली, "पप्पांचं आजोबा झालं!"

आम्हाला हसू आवरेना. त्याला मात्र आलं नाही. तरातरा उघड्याच राहिलेल्या गाडीत जाऊन बसला, दार आपटून घेतलं. पण चावीशिवाय गाडीत गार हवा कुठली? जत्रेचं ऊन ते. थोड्या वेळानं घामाघूम होऊन, गालावर राखेचे ओघळ घेऊन बाहेर आला आणि खाटेवर पडला तो घोरायलाच लागला.

सकाळी रंगूनं चावी पदरानं पुसून त्याच्या हातात ठेवली. तो पायाही न पडता गाडीत बसला. क्रांती गाडीच्या काचेतनं मागं बघत गेली.

वर्षभर रंगू मला म्हणायची, "आक्का, लेक जित्ती हाय न्हवं? मग न्हाई आली तरी चालंल." म्हणायची आणि डोळे पुसायची. म्हणजे चालणार नव्हतंच.

यंदा जत्रेला ती सकाळपासून दारातनं हलली नाही. भाकरी मीच थापल्या. दुपारच्याला गाडी आली. पोरगी उड्या मारत उतरली, मागनं क्रांती. सगळ्यात शेवटी राजवर्धन. पायावर पाणी घ्यायच्या आधी त्यानं ते काळं बटण रंगूपुढं धरलं.

"मामी, मुक्काम हाय. हे पिठात ठेवा. आन् ती फुंकणीबी लपवा कुठंतरी."

"फुंकणी लपवू? मग रातचं मटण कसं शिजवू, पाव्हणं?"

"शिजवा की. चूल तेवढी मला पेटवाया लावू नगासा."

कोपऱ्यातल्या लालासाहेबानं आपलं ताट बाजूला सरकवलं आणि जावयाला शेजारी जागा केली.