वीतभर उथळ खड्डा

कोष्ट्याच्या घरी बाई सुताच्या कांड्या भरते आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतो तो पुरुष, हे तुळसाबाईला कुणी शिकवलं नव्हतं. ती त्यातच वाढली होती. त्यामुळे त्र्याहत्तर सालचा पोळा आटोपल्यावर तिचा नवरा देवाजी म्हणाला, "आजपासून मागावर तू बस," तेव्हा तिला वाटलं, स्वारी थट्टा करते आहे.

"माह्या पाठीत उसण भरली वं. तुले हे काम आलं पाहिजे," तो म्हणाला.

उसण काही उतरेना. गोळीबार चौकामागच्या त्यांच्या गल्लीत देवाजीच्या लुगड्यांना नाव होतं. आता तोच माणूस भिंतीला टेकून धोटा कसा फेकायचा, तुटलेला धागा कसा सांधायचा, हे सांगत बसू लागला. एक दिवस तर त्यानं माती टाकून खड्डा वीतभर उथळ केला. पाठ बरी झाल्यावर आपल्यालाच बसायला सोपं जावं म्हणून करतो आहे, असं ती धरून चालली.

तुळसाबाईची जीभ मुळातच तिखट. "बायकोच्या जिवावर बसून खाऊन राहिले!" हे ती शेजारी ऐकतील अशा बेतानं म्हणायची. एकदा त्यानं गोळाभात मागितला. "माग चालवू का गोळे करत बसू?" म्हणत तिनं वरणभात पुढे सरकवला. देवाजी हसला आणि मुकाट जेवला.

माघात तो गेला.

तेरवीला गल्लीतले गणपतराव तिची समजूत घालायला बसले. "वहिनी, देवाजीनं शहाणपण केलं. पोटात गाठ हाय, हे डॉक्टरनं पोळ्याआधीच सांगतलं होतं. त्यानं आमाले शपथ घातली. म्हणे, तिचा हात बसू द्या. मालूम पडलं त रडत बसन, शिकणार नाही."

"कोणाकोणाले मालूम होतं?"

पत्रावळी उचलणारी सतरा वर्षांची नीला, तिची एकुलती एक लेक, होती तिथंच थांबली. दवाखान्यात बापासोबत तीच गेली होती.

तुळसाबाईचं रडू तिथंच आटलं. अख्ख्या गल्लीनं पाच महिने तिला वेडी बनवलं होतं. मरणाऱ्या माणसाला ती घालूनपाडून बोलत होती आणि ज्यांना ठाऊक होतं ते सगळे ऐकून घेत होते. एका शब्दानं कुणी सांगितलं असतं, तर तिनं रोज गोळाभात केला असता, माग गेला चुलीत!

लोक गेल्यावर ती खड्ड्यात पाय सोडून बसली. तळवे खाली पायानं दाबायच्या पावड्यांवर नेमके टेकले. देवाजी तिच्याहून चांगला हातभर उंच होता. एवढ्या उथळ खड्ड्यात त्याचे गुडघे वर आले असते. म्हणजे माती त्यानं तिच्या पायांच्या मापानं भरली होती! माझे पाय मोजलेस, मेल्या, आणि तोंड उघडायला तेवढं जड गेलं तुला? देवाजीला तिनं पहिल्यांदाच अरेतुरे केलं, आणि तेही मनात.

पुढं महिनाभर माग बंद होता. नीलाशी ती कामापुरतंही बोलत नव्हती. लेक ताट वाढायची, आई तोंड फिरवून जेवायची.

एका सकाळी मात्र तिनं खुरपं घेतलं आणि खड्ड्यातली माती उकरून बाहेर काढली. नीलाचे पाय बापासारखे लांब होते.

"बस," ती म्हणाली.

नीलाचा चेहरा पांढराफटक पडला. "माय, काहून? तुले काही झालं का वं?"

तुळसाबाईनं धोटा तिच्या हातात दिला.

"काही नाही झालं. झालं त पयले तुलेच सांगीन. मंग शिकणं सोडून रडत बसली तरी चालते."