पोथी तोलायची, पाहुणाही तोलायचा

पोथ्यांच्या ठिकाणी सहा महिने मुक्काम केला की संशोधन किती हाती लागतं ते देव जाणे, किस्से मात्र गोणीभर जमतात! आसेगावच्या मठातल्या जुन्या पोथ्या वाचायला नागपूरचं एक कॉलेज फेलोशिप देऊन आम्हाला तिथे राहायला पाठवायचं. युद्धाच्या आधीची गोष्ट.

पोथ्या सांभाळायचे गंगारामजी. मठाला लागूनच त्यांचा भाजीचा मळा. अक्षरओळख नाही, पण कोणती पोथी कोणत्या कापडात ते अचूक सांगायचे. पोथी देताना भाजीच्या तराजूत तोलायचे, परत घेताना पुन्हा तोलायचे. माझ्यासारखेच पोथ्या वाचायला आलेले पुण्याचे शास्त्रीबुवा भडकले, "मी काय चोर आहे?"

"नाही जी. वांगे बी तोलूनच देतो. गिऱ्हाइकाले कोनी चोर म्हनते काय?"

*

पावसाळ्यात माझी पोथी परत करताना जड भरली.

"काय लिहून राह्यले तुमी हिच्यात?" गंगारामजींनी विचारलं. ओल धरली असेल म्हटलं तर पटेना. उन्हात वाळवून पुन्हा तोलली, तेव्हा कुठे मी सुटलो.

*

पानं उडू नयेत म्हणून पोथीबरोबर ते नदीतले मुठीएवढे चार दगडही द्यायचे. वाचणारा गावाला निघाला की दगड बाजूला, पोथी कापडात बांधून कपाटात.

शास्त्रीबुवा एकदा म्हणाले, "गंगारामजी, साऱ्या जगाचं ज्ञान आहे हो यात."

"असन जी. पन वाऱ्यापुढं दगडच कामी येते."

*

पाहुणेही तोलले जायचे! आल्या दिवशी कांद्याच्या मोठ्या काट्यावर, जायच्या दिवशी पुन्हा. हा दंडक गंगारामजींच्या बायकोचा, सारजामायचा. "माह्या हातचं खाऊन मानूस हलका गेला तं लोक काय म्हनतीन?"

शास्त्रीबुवा शेरभर कमी भरले. आठ दिवस तूपभात खाऊनच सुटले.

*

जायच्या तोंडावर मला हिवताप आला. चांगलाच घटलो. दुसऱ्या दिवशी नागपूरला कमिटीपुढे उभं राहायचं होतं. तो दिवस चुकला तर फेलोशिप पुढे मिळणार नव्हती, आणि माझी पोथी तर अर्धीच उतरवून झाली होती. ती सोडून जायचं म्हणून आधीच जीव तुटत होता. शेवटी पोथीवरचे चारही दगड कोटाच्या खिशांत घातले आणि काट्यावर बसलो.

गंगारामजींनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्या कोटाकडे.

"बराबर हाय," म्हणाले.

गाडी जुंपली. मी चढणार तोच सारजामाय आली.

"दगडं दे, भाऊ," ती म्हणाली, आणि रिकाम्या झालेल्या प्रत्येक खिशात एकेक लाडू घातला. "आता भरलं वजन. जाय."

मी मागे वळून पाहिलं. ओसरीवर माझी पोथी उघडीच होती. गंगारामजींनी चारही दगड नीट तिच्या पानांवर ठेवले, आणि ती बांधायच्या कापडाची घडी करून खांद्यावर टाकत मळ्यात गेले.