मनकर्णा भूत झाली तेव्हा

गोंडपिपरी तालुक्यातल्या त्या गावात नक्कल करण्यात मनकर्णाचा हात धरणारं कोणी नव्हतं. धानाच्या रोवणीला बांधीत वाकल्या वाकल्या ती अशी काही माणसं उभी करायची, की बाया चिखलात बसून हसायच्या. वय बावन्न, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, घरात लग्नाची पोरगी संघप्रिया. म्हणून आरमोरीचा पवन मोबाइलवर दाखवायचा पिच्चर काढायला गावात आला, तेव्हा बायांनी तिचंच नाव सांगितलं. पिच्चर गमतीचा होता. मेलेली माय भूत होऊन परत येते अन् आळशी पोट्ट्यांना झोडपून कामाला लावते.

"आमी बुद्धाचे लोक, बापू. भूतबित मानत नाई," मनकर्णा म्हणाली. "पन पोट्टे झोडपाचे असन त येतो मी."

पिच्चरमधल्या भुतानं मोहाच्या झाडावर बसून आपल्या पोरीला हाक मारायची होती. पोरीचं नाव काय ठेवायचं, पवननं विचारलं. मनकर्णाच्या तोंडात आलं ते तिनं सांगून टाकलं, करिश्मा. करिश्मा म्हणजे तिच्या दिराची, खुशालची सहा वर्षांची पोरगी, हिच्याच मांडीवर वाढलेली. मेलेल्याच्या तोंडून जित्या लेकराचं नाव घेऊ नये, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण जी भूतच मानत नाही, तिला ते सुचावं कुठून?

"करिश्मे, चाल वं माह्यासंग!" मोबाइलात मनकर्णा ओरडली अन् गाव पोट धरून हसलं. खुशालही हसला.

आठ दिवसांनी करिश्माला ताप भरला. तिसऱ्या दिवशी झटके यायला लागले. खुशालच्याही भिंतीवर बुद्धाचा फोटो होता, पण पोरगी डोळे फिरवायला लागली तसा तो भूत उतरवणाऱ्या पुजाऱ्याकडे पळाला. पुजाऱ्यानं तो पिच्चर तीनदा पाहिला.

"नाव घेऊन बलावलं तिनं," तो म्हणाला. "आता मुकाट्यानं नाई सोडाची."

सकाळची भाकर तव्यावर होती. सात जण घरात शिरले. खुशालनं मनकर्णाचे केस धरले अन् चुलीपासून चौकापर्यंत तिला फरफटत नेलं. विजेच्या खांबाला बांधून चिंचेच्या फोकांनी मारायला सुरुवात केली. पाठीचं लुगडं फाटलं, मग कातडं फाटलं. शेजारचा पत्रू, ज्याच्या बायकोचं बाळंतपण मनकर्णानं केलं होतं, तो दगड घेऊन पुढं आला. चेटकिणीचे दात पाडले की मंत्र चालत नाही म्हणतात. त्यानं तीन पाडले.

संघप्रिया भाजी चिरायची पावशी घेऊन धावली. तिनं पत्रूचा हात हाडापर्यंत चिरला. कोणीतरी तिच्या पोटात लाथ घातली अन् ती नालीत पडली.

"मायलेकी दोघी तशाच बे!" पत्रू हात दाबून बोंबलला.

समोर खुशालच्या ओट्यावर बाजेवर करिश्मा आचके देऊन राह्यली होती. मनकर्णाला ती दिसत होती.

"खुशाल, मले मंग मार. पयले पोरीले दवाखान्यात ने."

"तू सोड न पयले! काऊन धरली माही पोरगी?"

"म्या नाई धरली रे, बाबू."

फोक पुन्हा बसला. आपण नाही म्हणत राहू तोवर हे मारत राहतील, अन् तोवर ती पोरगी मरेल, एवढं मनकर्णाला कळलं. तिनं तोंडातलं रक्त खुशालच्या छातीवर थुंकलं अन् मान मागं टाकून हसली. असं हसली की दोघं जण मागं सरकले.

"हव! मीच धरली. सुईच्या दवाखान्यात माहा जोर नाई चालत. तिथी नेली त सोडीन. इथी ठेवली त दुपारपावतर घेऊन जातो. मंग पत्रूच्या पोट्ट्याची पाळी."

"ने बे, ने लवकर!" पत्रूच आधी ओरडला.

खुशालनं गाडीला किक मारली. बायको पोरीला कवटाळून मागं बसली. संघप्रिया सरपटत खांबाशी आली अन् पावशीनं दोर कापायला लागली.

"आता नको सोडू," मनकर्णा पुटपुटली. "गाडी मोड घेऊ दे. मी सुटली दिसली त वापस फिरतीन."

गोंडपिपरीला मेंदूचा मलेरिया निघाला. पोरगी वाचली. गाव म्हणालं, चेटकिणीनं शब्द पाळला.

महिन्याभरानं खुशाल काळी कोंबडी घेऊन आला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला.

"वहिनी, पोरीवर पुन्हा नजर नको ठेवजो."

"ठेव तिथी," मनकर्णा म्हणाली.

कोंबडी चांगली दीड किलोची होती. मायलेकींनी रांधून खाल्ली. हाडं कुत्र्याला टाकली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं दोघी पोलीस ठाण्यात गेल्या अन् मनकर्णानं सात नावं सांगितली. पहिलं नाव तिनं खुशालचं लिहायला लावलं.