मी पायाळू आहे

जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसाकडे वीज ओढली जाते, असे आमच्याकडे मानतात. म्हणून आईने मला हे कुणाला सांगू नकोस असे बजावले होते. लपवण्यात गैर नव्हते. गैर हे, की ज्या दुपारी बोलायला हवे होते त्या दुपारी मी तोंड उघडले ते स्वतःला वाचवण्यासाठी, आणि माझ्या थोरल्या वहिनींना विजेच्या तोंडी जाऊ दिले.

मी नागपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, तिच्यातले बाष्प उंचावर गोठते, ढगात बर्फाचे कण गारांवर आदळून विद्युतभार वेगळे होतात, हे सारे मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढत आलो. वीज उंच वस्तू गाठते; कोण कसा जन्मला हे तिला ठाऊक नसते, हे माझे त्या तासाचे ठरलेले वाक्य.

सहा वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, मी कुहीजवळ भावाच्या शेतावर उन्हाळी धान पाहायला गेलो होतो. तीनच्या सुमारास पश्चिमेकडचे आभाळ शाईसारखे झाले. वारा पडला आणि पाठोपाठ गार झोत अंगावर आला. ढगातून कोसळणारी ती थंड हवा मी ओळखली. वहिनी, एक मजूर बाई, शेजारच्या शेतातले एक म्हातारे आणि मी टिनाच्या उघड्या मांडवात शिरलो. माझी गाडी रस्त्यावर उभी होती. बंद गाडीत आम्ही चौघेही सुरक्षित राहिलो असतो, हे मला ठाऊक होते; पण मधले मोकळे रान ओलांडण्याचा धीर मला झाला नाही.

वीज चमकली की मी गडगडाट येईपर्यंत सेकंद मोजत होतो. नऊ, म्हणजे तीन किलोमीटर. मग सहा. मग चार.

"कोनी पायाळू हाये का गा इथं?" म्हाताऱ्यांनी विचारले. "असन तं बाजूले सरा."

"तुमीच असान, बाबाजी," मजूर बाई म्हणाली.

"माहं डोकंच आधी आलं वं. म्हनून तं टक्कल पडलं."

कुणी हसले नाही. वहिनी पदर खोचून उठल्या. "मी आहो पायाळू. माह्यापायी तुमच्या जिवाले काहून घोर? मी तिकडं बांधावर बसतो."

म्हातारे माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी शिकलेले. खरं असते का हे?"

खोटे आहे म्हटले असते, तर वहिनी आत राहिल्या असत्या. खरे मानत असेन, तर मीही बाहेर जायला हवे होते. फळ्यावरचे सारे ठाऊक असूनही, एका मांडवात दोन पायाळू नकोत, अशी भीती मनात शिरली होती. पुन्हा लखलखले, या वेळी मोजणी दोनवर संपली.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

वहिनी बांधापर्यंत पोहोचतात तोच पलीकडच्या मोहाच्या झाडावर वीज पडली. तो आवाज नव्हता, छातीवर बसलेला धक्का होता. डोळ्यांपुढची पांढरी झापड ओसरली तेव्हा वहिनी बांधाखालच्या चिखलात पालथ्या पडलेल्या दिसल्या. मी गेलो नाही. मजूर बाई धावली. वहिनी जगल्या, पण उजवा कान कायमचा गेला आणि डावाही अधू झाला.

गेल्या महिन्यात त्यांना धंतोलीत कानाच्या डॉक्टरांकडे नेले. बाहेर बाकावर बसलो असताना खिडकीबाहेर ढग गुरगुरला. त्यांना तो ऐकू आला नाही. मी खाली पाहत काहीतरी पुटपुटलो.

"काय म्हंता, भाऊजी? मोठ्यानं बोला ना. लाजून काहून राहिले?"

बाकांवरची माणसे पाहू लागली. मी त्यांच्या डाव्या बाजूला गेलो आणि वर्गातही कधी चढवला नव्हता इतका आवाज चढवून म्हणालो, "वहिनी, मला माफ करा. मीही पायाळू आहे. ते सगळं खोटं आहे हे मला त्या दिवशीही माहीत होतं, आणि तरी मी तुम्हाला जाऊ दिलं."